धातू किती वेळ धरून ठेवतो : जड धातूंच्या संयुगांतील संरचनात्मक समघटकतेचा आढावा

एक अणू प्लॅटिनम, दोन अणू क्लोरीन, दोन रेणू अमोनिया. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर युरोपातल्या रसायनशास्त्रज्ञांपुढे एवढ्याच घटकांचे आणि नेमक्या याच प्रमाणातले तीन निरनिराळे पदार्थ होते. पहिला जर्मन रसायनशास्त्रज्ञ हाइनरिख गुस्टाव माग्नुस यांनी १८२८ मध्ये तयार केलेला गर्द हिरवा क्षार, पाण्यात जवळजवळ न विरघळणारा. दुसरा इटलीच्या मिकेले पेरोने यांचा पिवळा क्षार आणि तिसरा फ्रान्सच्या जूल रेझे यांचा, तोही पिवळाच; हे दोन्ही १८४४ च्या सुमाराचे. पृथक्करण करून पाहिले तर तिघांचे आकडे सारखे. रंग, विद्राव्यता आणि इतर द्रव्यांशी वागणूक मात्र वेगळी. अणूंची यादी सांगून पदार्थ ओळखता येत नाही, हे कार्बनच्या संयुगांबाबत तोवर कळून चुकले होते. धातूंच्या संयुगांतही तेच घडते, याची पहिली ठळक खूण प्लॅटिनमने दिली.

या कोड्याला पुढची पन्नास वर्षे नीट उत्तर मिळाले नाही. स्वीडनचे ब्लोमस्ट्रांड आणि त्यांच्यानंतर कोपनहेगनचे सोफुस मॅड्स योर्गेन्सन यांनी अमोनियाच्या रेणूंची एकापुढे एक साखळी कल्पून धातूची संयुगे समजावून सांगण्याचा प्रयत्न केला. योर्गेन्सन यांचे प्रयोग इतके काटेकोर होते की त्यांचा सिद्धान्त बाजूला पडल्यावरही त्यांची निरीक्षणे टिकली, आणि त्यांचा सिद्धान्त पाडणाऱ्यानेही बराच आधार त्याच निरीक्षणांचा घेतला. तो माणूस आल्फ्रेड वेर्नर. १८९३ मध्ये, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, त्यांनी मांडले की धातूला दोन पातळ्यांवर जोडीदार असतात. काही अणू किंवा रेणू थेट धातूला चिकटलेले असतात, त्यांची संख्या आणि दिशा ठरलेली असते. त्यांना आपण लिगंड म्हणतो. बाकीचे या घेऱ्याच्या बाहेर असतात, विद्युतभाराचा तोल सांभाळण्यापुरते, आणि द्रावणात ते सुटे होतात.

हे पटवून द्यायला वेर्नर आणि त्यांचे सहकारी मिओलाती यांनी विद्युतवाहकता मोजली. प्लॅटिनमची ती मालिका पुढे पूर्ण झाली आणि आजही मुळातून पाहण्याजोगी आहे. प्लॅटिनमभोवती सहा अमोनिया असतील तर चारही क्लोराइड बाहेर, वाहकता सुमारे ५२३. चार अमोनिया आणि दोन क्लोरीन आत असतील तर २२९. तीन-तीन असतील तर ९७. दोन अमोनिया आणि चारही क्लोरीन आत गेले की शून्य, कारण द्रावणात सुटे काहीच उरत नाही. आणखी अमोनिया काढून क्लोरीन घातले की संयुग ऋणभारित होते आणि वाहकता पुन्हा चढू लागते. आत कोण आणि बाहेर कोण, हे एका तारेच्या टोकाला लावलेल्या मापकाने सांगितले.

संरचनात्मक समघटकतेची सगळी वर्गवारी या आत-बाहेरच्या भेदातून निघाली. घटक तेच, पण कोणता अणू कोणाला जोडला आहे हे बदलले, तर ती संरचनात्मक समघटकता. जोडण्या त्याच राहून फक्त अवकाशातली दिशा बदलली, तर ती वेगळी गोष्ट. पेरोने आणि रेझे यांचे दोन पिवळे क्षार दुसऱ्या प्रकारात मोडतात: दोन्हींत प्लॅटिनमला दोन क्लोरीन आणि दोन अमोनियाच जोडलेले आहेत, एकात सारखे लिगंड शेजारी-शेजारी, दुसऱ्यात समोरासमोर. माग्नुस यांचा हिरवा क्षार पहिल्या बाजूला पडतो. त्यात एका प्लॅटिनमभोवती चार अमोनिया आहेत आणि दुसऱ्याभोवती चार क्लोरीन.

बारावीच्या रसायनशास्त्रात या प्रकारांचा तक्ता असतो आणि परीक्षेपुरता तो पाठ होतो. त्यातले काही प्रकार थोडक्यात आटोपता येतात. आयनीकरण समघटकतेत आतला आणि बाहेरचा आयन जागा बदलतात. प्लॅटिनमची एक जोडी घ्या: चार अमोनिया आणि दोन क्लोरीन आत, दोन ब्रोमाइड बाहेर; किंवा दोन ब्रोमीन आत आणि दोन क्लोराइड बाहेर. दोन परीक्षानळ्यांत दोन्हींची द्रावणे घेऊन सिल्व्हर नायट्रेटचे थेंब सोडले, तर पहिल्या नळीत फिकट पिवळसर अवक्षेप खाली बसतो आणि तो अमोनियात सहजी विरघळत नाही. दुसऱ्या नळीतला अवक्षेप दह्यासारखा पांढरा असतो आणि अमोनिया घालताच नाहीसा होतो. चांदीला फक्त बाहेरचे आयन सापडले. आतल्यांना प्लॅटिनमने सोडले नाही. पाण्याचा रेणू आत की बाहेर, यावरून होणारी समघटकता क्रोमियमच्या जांभळ्या आणि हिरव्या क्लोराइडांत दिसते. धन आणि ऋण अशा दोन्ही आयनांत धातू असेल तर लिगंडांची अदलाबदल होऊ शकते. तांब्याला चार अमोनिया आणि प्लॅटिनमला चार क्लोरीन, किंवा याच्या उलट. प्लॅटिनममध्ये तर दोन्हीकडे प्लॅटिनमच असून ऑक्सिडीकरण अवस्थाच जागा बदलते, अशाही जोड्या आहेत.

तक्त्यातल्या एका नोंदीबद्दल माझी तक्रार आहे. माग्नुस यांचा क्षार ‘बहुवारिक समघटकते’खाली घातला जातो. पेरोने यांच्या क्षाराच्या रेणूत एक प्लॅटिनम, माग्नुस यांच्या सूत्रात दोन, आणि तीन प्लॅटिनमची याच प्रमाणातली आणखीही संयुगे आहेत. प्रमाण एकच असले तरी रेणुभार वेगळा. मग यांना समघटक म्हणायचे कशाला? ऐतिहासिक सोय म्हणून नोंद ठेवावी, पण विद्यार्थ्याला ती इतर प्रकारांच्या रांगेत उभी करून देऊ नये. माग्नुस यांच्या क्षाराची खरी गंमत वेगळीच आहे. त्याचा एक गुलाबी भाऊ आहे, त्याच दोन आयनांचा. एकटा पाहिला तर धन आयन रंगहीन आणि ऋण आयन तांबूस असतो, म्हणजे गुलाबी रंग अपेक्षितच आहे. हिरवा रंग येतो तो स्फटिकातल्या रचनेमुळे: सपाट आयन एकावर एक रचले जातात आणि प्लॅटिनमचे अणू ३.२५ अँगस्ट्रॉम अंतरावर एका ओळीत येतात. गुलाबी रूपात हे अंतर ५ अँगस्ट्रॉमच्या वर आहे. इथे रेणूची रचना बदललेलीच नाही, शेजार बदलला आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हा तक्ता अशा थाटात मांडलेला असतो की जणू कागदावर दोन सूत्रे काढता आली म्हणजे दोन पदार्थ झालेच. तसे नाही. दोन समघटक दोन वेगळ्या बाटल्यांत ठेवायचे, तर धातूने आपले लिगंड तेवढा काळ धरून ठेवायला हवेत. म्हणून समघटकता ही रचनेइतकीच काळाची गोष्ट आहे. पाण्यात विरघळलेल्या धातूच्या आयनाभोवती पाण्याचे रेणू थेट चिकटलेले असतात. त्यातला एक रेणू साधारण २५ अंश सेल्सिअसला सरासरी किती वेळ त्याच जागी टिकतो? पाऱ्याशी नॅनोसेकंदाच्या आसपास. शिसेही तितकेच चंचल. पॅलेडियमशी सुमारे दोन मिलिसेकंद. प्लॅटिनमशी चाळीस-पंचेचाळीस मिनिटे. इरिडियमशी जवळजवळ तीनशे वर्षे.

हे आकडे शेजारी ठेवले की शंभर वर्षांच्या इतिहासाचा उलगडा होतो. समघटकांच्या नामांकित जोड्या कोबाल्ट, क्रोमियम, प्लॅटिनम, ऱ्होडियम, इरिडियम यांच्याच का सापडल्या? पारा आणि शिसे काही कमी जड नाहीत. पण पाऱ्याच्या द्रावणात दोन समघटक तयार झाले तरी वेगळे करायला घेईपर्यंत ते लाखो वेळा एकमेकांत बदललेले असतात. जडपणा म्हणजे सुस्तपणा नव्हे. सुस्ती येते ती डी-इलेक्ट्रॉनांच्या मांडणीतून. प्लॅटिनमच्या सपाट चौकोनी रचनेत आठ डी-इलेक्ट्रॉन अशा जागा घेतात की लिगंड बदलताना लागणारी मधली रचना महाग पडते, आणि पॅलेडियमपेक्षा प्लॅटिनममध्ये ऊर्जेच्या पातळ्यांतले अंतर मोठे असल्याने ती किंमत आणखी वाढते. पाऱ्याकडे दहा डी-इलेक्ट्रॉन आहेत, सगळ्या जागा भरलेल्या. कोणत्याच मांडणीचा त्याला खास फायदा नाही, म्हणून तो कोणालाच धरून बसत नाही. सुस्त आणि चंचल असा हा भेद हेन्री टाउबी यांनी १९५२ मध्ये इलेक्ट्रॉनांच्या मांडणीशी जोडून दाखवला.

सर्वांत समृद्ध भाग आहे तो जोडणी-समघटकतेचा. लिगंड तोच, पण तो कोणत्या टोकाने धातूला धरतो हे बदलते. नायट्राइट नायट्रोजनने जोडला तर एक संयुग, ऑक्सिजनने जोडला तर दुसरे. योर्गेन्सन यांनी १८९० च्या दशकात त्रिसंयुजी कोबाल्टची अशी जोडी वर्णिली: ऑक्सिजनने जोडलेले तांबडे, नायट्रोजनने जोडलेले पिवळे. तांबडे ठेवून दिले तर हळूहळू पिवळे होते. हा बदल होताना नायट्राइट सुटून परत जोडला जातो की धातूला धरून ठेवूनच कूस बदलतो? १९५६ मध्ये मर्मन आणि टाउबी यांनी ऑक्सिजन-१८ ची खूण लावून तपासले. ती खूण रेणूतच राहिली, द्रावणात पसरली नाही. म्हणजे नायट्राइट सुटत नाही, जागच्या जागी वळतो. त्यांच्या प्रयोगातून आणखी एक गोष्ट निघाली. तांबडे संयुग तयार होताना कोबाल्ट-ऑक्सिजन बंध तुटतच नाही. आधीपासून धातूला चिकटलेल्या ऑक्सिजनवर नायट्रोजन येऊन बसतो. तांबडे रूप कमी स्थिर असूनही आधी का मिळते, याचे उत्तर यात आहे. जो मार्ग जवळचा, त्याचे फळ आधी हाती येते. स्थिर रूपाला मागाहून सवड मिळते. फ्रेड बसोलो आणि हॅमेकर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला ऱ्होडियम, इरिडियम आणि चार-संयुजी प्लॅटिनम या जड धातूंची ऑक्सिजनने जोडलेली रूपे बनवली, आणि तीही कालांतराने नायट्रोजनच्या बाजूला वळली.

थायोसायनेटची गोष्ट मला याहून मोलाची वाटते, कारण तिथे निवड खरोखर दोलायमान आहे. या आयनाच्या एका टोकाला गंधक, दुसऱ्याला नायट्रोजन. हलक्या, कठीण धातूंना नायट्रोजन आवडतो. पॅलेडियम, प्लॅटिनम, पारा अशा जड, मऊ धातूंना गंधक. हा ढोबळ नियम. पण बसोलो आणि बर्माइस्टर यांनी १९६३-६४ मध्ये पॅलेडियमचीच दोन्ही रूपे वेगळी करून दाखवली. थायोसायनेटच्या शेजारी ट्रायफेनिलआर्सिन किंवा बायपिरिडिन असे लिगंड ठेवले की गंधकाने जोडलेले रूप आधी मिळते, तापवल्यावर ते नायट्रोजनच्या रूपात जाते. ओळख पटवायला अवरक्त वर्णपट पुरतो. कार्बन-गंधक बंधाचे कंपन गंधकाने जोडलेल्या रूपात ७०० सेंमी⁻¹ च्या आसपास दिसते आणि नायट्रोजनने जोडलेल्या रूपात ७८० ते ८६० च्या पट्ट्यात सरकते.

धातू तोच असताना निवड शेजारी ठरवतो, याचा सर्वांत सुबक पुरावा पॅलेनिक आणि सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात दिला. पॅलेडियमच्या दोन जागा एका अशा लिगंडने व्यापल्या, ज्यात दोन फॉस्फरस कार्बनच्या छोट्या साखळीने बांधलेले आहेत. उरलेल्या दोन जागी दोन थायोसायनेट. साखळीत एक कार्बन असेल तर दोन्ही थायोसायनेट गंधकाने जोडतात. दोन कार्बन असतील तर एक गंधकाने, एक नायट्रोजनने. तीन असतील तर दोन्ही नायट्रोजनने. साखळी लांबली की दोन फॉस्फरसांमधला कोन सुमारे ७३ अंशांपासून ९० अंशांच्या आसपास उघडतो आणि समोरच्या बाजूची जागा आक्रसते. गंधकाने जोडलेला थायोसायनेट कोपरासारखा वाकतो, त्याला आडवी जागा लागते. नायट्रोजनने जोडलेला सरळ उभा राहतो. एका कार्बनच्या फरकाने जोडणीचे टोक बदलले. इलेक्ट्रॉनांच्या देवाणघेवाणीची बाजू महत्त्वाची आहेच, पण गर्दीचा हा साधा हिशेब अनेक वर्षे दुर्लक्षित राहिला असे मला वाटते.

गर्दीचाच दुसरा दाखला डायमिथाइल सल्फॉक्साइड, म्हणजे प्रयोगशाळेतले रोजचे द्रावक डीएमएसओ. प्लॅटिनमला ते गंधकाने धरते. पण एकाच प्लॅटिनमभोवती चार रेणू बसवले की दोनच गंधकाने बसतात, उरलेल्या दोघांना ऑक्सिजन पुढे करावा लागतो. रुथेनियममध्ये निवड ऑक्सिडीकरण अवस्थेवर फिरते: द्विसंयुजी रुथेनियमला गंधक हवा, त्रिसंयुजी झाला की ऑक्सिजन. एक इलेक्ट्रॉन काढला की डीएमएसओ वळते, परत दिला की पुन्हा पहिल्या टोकाला येते.

चंचल धातूंत मात्र अशी जोडी हाती लागत नाही. पारा, द्विसंयुजी कोबाल्ट (तो त्रिसंयुजीसारखा सुस्त नसतो) आणि थायोसायनेट यांची द्रावणे एकत्र केली की गडद निळे स्फटिक पडतात. पदार्थांची चुंबकीय ग्रहणशीलता मोजताना उपकरण जुळवायला हेच संयुग प्रमाण म्हणून वापरतात. त्यात पाऱ्याकडे नेहमी गंधक आणि कोबाल्टकडे नेहमी नायट्रोजन असतो. दोन्ही धातू इतक्या झपाट्याने लिगंड बदलतात की सर्वांत फायद्याची मांडणीच तेवढी खाली बसते.

हा सगळा हिशेब रुग्णालयापर्यंत पोचतो तो पेरोने यांच्या पिवळ्या क्षारातून. मिशिगन स्टेट विद्यापीठात बार्नेट रोझेनबर्ग जिवाणूंच्या वाढीवर विद्युतक्षेत्राचा परिणाम तपासत होते. जिवाणू विभागायचे थांबले आणि नुसतेच लांबत गेले. कारण वीज नव्हती. प्लॅटिनमच्या इलेक्ट्रोडांतून सुटलेली संयुगे होती. १९६५ मध्ये हे प्रसिद्ध झाले, १९६९ मध्ये अर्बुदांवरचा परिणाम, आणि १९७८ मध्ये अमेरिकेत सिसप्लॅटिन या नावाने औषधाला मान्यता मिळाली. रेझे यांचा समोरासमोरचा समघटक औषध म्हणून निरुपयोगी ठरला. हा फरक दिशेचा, म्हणून काटेकोरपणे आपल्या विषयाच्या कुंपणाबाहेरचा. पण औषध चालते ते काळाच्या हिशेबावर. रक्तात क्लोराइड भरपूर असल्याने प्लॅटिनम आपले क्लोरीन सोडत नाही. पेशीत क्लोराइड कमी, तिथे काही तासांत क्लोरीन सुटून पाणी येते आणि मग प्लॅटिनम डीएनएमधल्या शेजारच्या दोन ग्वानिनांना जखडतो. पॅलेडियमचे हुबेहूब संयुग असे काम करत नाही, कारण ते वाटेतच विस्कटते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डोके-मानेच्या कर्करोगाच्या ३०० रुग्णांवर किरणोत्सर्गाबरोबर सिसप्लॅटिन आठवड्याला द्यावे की तीन आठवड्यांनी, याची तुलना झाली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत दोन वर्षांनंतर रोगावर नियंत्रण तीन आठवड्यांच्या मोठ्या मात्रेने अधिक राहिले, ७३.१ टक्के विरुद्ध ५८.५ टक्के.

असे औषध बनवताना माग्नुस यांचा हिरवा क्षार पुन्हा समोर येतो, या वेळी भेसळ म्हणून. अमोनिया जास्त झाला की तो पिवळ्या मालात मिसळतो. १९७० मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ केमिस्ट्री’त एस. सी. धारा यांनी सुचवलेली रीत आज जगभर वापरली जाते. आधी क्लोरीनच्या जागी आयोडीन आणायचे. आयोडीन आपल्या बरोबर समोरच्या जागेवरच्या लिगंडाला सैल करतो, म्हणून अमोनियाचे दोन रेणू आपोआप शेजारी-शेजारी बसतात. नंतर चांदीने आयोडीन काढून घ्यायचे आणि शेवटी क्लोराइड द्यायचे. माल तपासायला रशियाचे कुर्नाकोव्ह यांची १८९० च्या दशकातली चाचणी आजही शिकवली जाते. थायोयुरियाच्या गरम द्रावणात शेजारी-शेजारीच्या समघटकाचे चारही लिगंड निघून जातात आणि द्रावण पिवळे होते. समोरासमोरच्या समघटकाचे फक्त क्लोरीन जातात, आणि थंड केल्यावर पांढऱ्या सुया दिसतात. आता प्लॅटिनम-१९५ च्या एनएमआरने हेच काम अधिक बारकाईने होते. तिथे संदेशांचा पट्टा तेरा हजार पीपीएमहून रुंद असल्याने शेजारचा एक लिगंड बदलला तरी लगेच दिसते. तरीही चुका होतात. अनेक प्रयोगशाळा सिसप्लॅटिन डीएमएसओमध्ये विरघळवून पेशींवर वापरत. त्या द्रावकाचा गंधक क्लोरीनला हाकलून प्लॅटिनमला धरतो आणि मूळ औषध उरतच नाही. २०१४ मध्ये हॉल आणि सहकाऱ्यांनी ‘कॅन्सर रिसर्च’मध्ये याविरुद्ध स्पष्ट इशारा दिला.

शेवटी मॉलिब्डेनमचे प्रकरण, कारण समघटक म्हणून जे मिरवले ते समघटकच नव्हते. १९७१ मध्ये चॅट आणि सहकाऱ्यांनी ऑक्सिजन, क्लोरीन आणि फॉस्फिन जोडलेल्या मॉलिब्डेनमच्या संयुगाची निळी आणि हिरवी रूपे वर्णिली. क्ष-किरणांनी निळ्यात मॉलिब्डेनम-ऑक्सिजन अंतर सुमारे १.६८ अँगस्ट्रॉम दाखवले, तर जवळच्याच हिरव्या संयुगात १.८०. जोडण्या त्याच, दिशा त्याच, फक्त एका बंधाची लांबी वेगळी: समघटकतेचा नवाच प्रकार. त्याला नावे मिळाली, १९८८ मध्ये रोआल्ड हॉफमन आणि सहकाऱ्यांनी सैद्धान्तिक स्पष्टीकरणही दिले. मग जेरार्ड पार्किन आणि सहकाऱ्यांनी हिरवे स्फटिक नव्याने तपासले. त्यात निळे संयुग होते आणि त्याच आकाराचे, पण ऑक्सिजनच्या जागी क्लोरीन असलेले पिवळे संयुग थोडे मिसळले होते. दोन्ही एकाच स्फटिकात बेमालूम बसतात. निळा आणि पिवळा मिळून हिरवा. क्लोरीन धातूपासून जास्त अंतरावर बसतो आणि त्याचे इलेक्ट्रॉनही जास्त. क्ष-किरणांच्या नकाशात दोघांची सरासरी निघाली आणि ऑक्सिजन लांब गेल्यासारखा भासला. पिवळ्याचे प्रमाण बदलत नेले की बंधाची ‘लांबी’ही हवी तशी बदलत गेली. १९९१-९२ मध्ये हे प्रसिद्ध झाले तेव्हा वीस वर्षांचा प्रकार वर्गवारीतून बाहेर पडला.

या मॉलिब्डेनमने एक प्रश्न विचारायला भाग पाडले, जो आता प्रत्येक नव्या दाव्याला विचारतात: दोन रूपे एकमेकांत बदलताना दिसतात का, आणि किती वेगाने? प्रकाशाने घडवलेल्या समघटकांच्या क्षेत्रात हा प्रश्न रोजच्या कामाचा आहे. सोडियम नायट्रोप्रुसाइडच्या थंड स्फटिकावर प्रकाश टाकला की नायट्रिक ऑक्साइड नायट्रोजनऐवजी ऑक्सिजनने जोडला जातो, हे कॉपेन्स यांच्या गटाने १९९७ मध्ये क्ष-किरणांनी दाखवले. रुथेनियमच्या नायट्रोसिल संयुगांतही असेच बदल सापडले आहेत. नायट्रोप्रुसाइडचे ते रूप उणे ७५-८० अंश सेल्सिअसच्या वर स्फटिक तापला की मूळपदाला येते. खोलीच्या तापमानाला काम करणाऱ्या योर्गेन्सन यांना ते कधीच दिसले नसते.